गुगलच्या नकाशात आपलं घर: झाकायचं किती, ठेवायचं किती

आमच्या आत्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर एकेकाळी लाल रंगात लिहिलं होतं, 'घर विकणे आहे', आणि खाली तिचा मोबाइल नंबर. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातलं ते घर विकायचं नाही असं पुढे घरच्यांचं ठरलं, भिंत रंगवली, नंबर गेला. फोन मात्र थांबेनात. महिन्याला एक-दोन दलाल ठरलेले. "मॅडम, प्लॉट आहे ना अजून?" आत्या एकदा माझ्यावरच डाफरली. "अगं, पुसून दोन वर्षं झाली ना, तरी फोन येऊनच राहिले! यांना दिसतं कुठं ते?"

दिसत होतं गुगल मॅपच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे रस्त्यावरून काढलेल्या फोटोंमध्ये. डोक्यावर कॅमेरा लावलेली गाडी त्या रस्त्याने गेली तेव्हा भिंतीवर नंबर होता, त्यामुळे नकाशात तो अजूनही होता, लालभडक.

तो नंबर काढून घेण्याचं काम मी केलं. त्याच्या आधी स्वतःच्या घराच्या बाबतीत हेच काम मी घाईघाईत करून बसले होते आणि पस्तावले होते. दोन्ही वेळचं शहाणपण एकत्र करून हा लेख लिहिते आहे. तुमचं घर नकाशात कसं दिसतं हे तुम्ही कधी पाहिलंच नसेल, तर पहिल्या पायरीपासून या. ब्लर करायचं, म्हणजे फोटोतला भाग धुरकट करून झाकायचं, पक्कं असेल तरी तिसरी पायरी गाळू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत स्ट्रीट व्ह्यू मे २००७ मध्ये सुरू झालं. भारतात २०११ साली बेंगळुरूत गाड्या फिरायला लागल्या आणि काही आठवड्यांतच तिथल्या पोलिसांनी त्या थांबवल्या. २०१६ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेचं कारण देऊन परवानगी नाकारली. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांसंबंधीचे नियम सैल झाले, पण रस्त्यावरून असं चित्रण फक्त भारतीय संस्थांनीच करायचं ही अट राहिली. म्हणून जुलै २०२२ मध्ये गुगलने हे भारतात आणलं ते जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या दोन कंपन्यांना सोबत घेऊन. पहिल्या दहा शहरांत महाराष्ट्रातली चार होती: मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर. उपराजधानीचा नंबर नंतर लागला. आपल्याला सवय आहे.

त्याच सुमारास मॅपमायइंडियानेही आपल्या मॅपल्स नकाशात 'रिअलव्ह्यू' नावाने हाच प्रकार सुरू केला. म्हणजे घर एकाच नकाशात असेल असं धरून चालू नका.

जवळ काय असू द्यावं

- संगणक किंवा लॅपटॉप. मोबाइलवरही होतं, पण लाल चौकट नेमकी बसवायला बोटापेक्षा माउस बरा.
- रोज बघता असा ईमेल.
- घराचा पूर्ण पत्ता. 'प्लॉट नं. १२' एवढं पुरत नाही. आपल्याकडे प्रत्येक ले-आउटमध्ये एक प्लॉट नं. १२ असतो आणि त्यातल्या निम्म्यांजवळ हनुमान मंदिर असतं.
- आत्ता घर कसं दिसतं त्याचे स्क्रीनशॉट, सगळ्या बाजूंनी, तारखेसकट. हे का, ते पुढे येईल.
- घर भाड्याचं असेल तर मालकाचा होकार. फ्लॅट असेल तर सोसायटीचा, कारण इमारतीचं तोंड सगळ्यांचं एकच असतं.

कागदपत्र एकही लागत नाही. आधार, आखीव पत्रिका, घरटॅक्सची पावती, वीजबिल यांपैकी काहीही कोणी मागितलं तर समजा तुम्ही चुकीच्या ठिकाणी आहात.

१. फोटो कोणाचा आणि कधीचा, ते बघा

संगणकावर गुगल मॅप उघडा. उजवीकडे खाली एक पिवळा छोटा माणूस असतो. त्याला माउसने उचललं की रस्त्यांवर निळ्या रेघा उमटतात. रेघ म्हणजे तिथून गाडी गेली आहे. सुटा निळा ठिपका म्हणजे कोणीतरी स्वतः टाकलेला, चौफेर फिरवून बघता येणारा गोल फोटो. माणसाला आपल्या गल्लीत सोडा.

आता दोन गोष्टी वाचा. एक, फोटो कोणाच्या नावावर आहे: गुगलच्या की एखाद्या व्यक्तीच्या? दोन्हींच्या तक्रारीचा रस्ता वेगळा आहे. दुसरी, महिना आणि वर्ष. ती तारीख बघितली की निम्म्या लोकांची भीती तिथेच जाते. आमच्या शेजारच्या काकूंना वाटायचं की हा चालू कॅमेरा आहे आणि पुण्याची सून त्यांना अंगणात बसलेलं रोज बघते. तसं काही नाही. गाडी एकदा येते, फोटो काढते, जाते. पुढे कधी पुन्हा आली तर नवा फोटो चढतो आणि जुना 'आधीच्या तारखा' म्हणून मागे शिल्लक राहतो. तारखेजवळ 'सी मोअर डेट्स' दिसलं तर दाबून बघा.

२. घराभोवती फेरी मारा

गाडीचा कॅमेरा छतावर उंच काठीला असतो. आपली कंपाउंडची भिंत चार-पाच फूट. रस्त्याने चालणाऱ्याला जे दिसत नाही ते त्या कॅमेऱ्याला दिसतं: अंगण, दोरीवरचे कपडे, ओसरीवरचा झोपाळा, मागच्या दाराची कडी. जपानमध्ये २००९ साली लोकांनी नेमकी हीच तक्रार केली होती आणि गुगलला तिथल्या गाड्यांवरचे कॅमेरे ४० सेंटिमीटर खाली घ्यावे लागले. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ च्या निकालात कॅमेऱ्याच्या उंचीचा विचार केला, म्हणजे कुंपणापलीकडे डोकावणं हा वेगळा मुद्दा म्हणून मान्य झाला.

चेहरे आणि गाड्यांचे नंबर यंत्र आपोआप पुसतं. २००८ पासून ही सोय आहे. यंत्रच ते, त्यामुळे फ्लेक्सवरच्या नेत्यांचे हसरे चेहरेही पुसले जातात (वाढदिवसाच्या शुभेच्छा नेमक्या कोणाला, ते कळत नाही), आणि हेल्मेटच्या काचेआडचा एखादा खरा चेहरा सुटतो. पण यंत्राला ज्या गोष्टी वैयक्तिक वाटतच नाहीत, त्या तुम्ही शोधायच्या आहेत:

भिंतीवर रंगवलेला फोन नंबर. फाटकावरची नावाची पाटी, विशेषतः बाई एकटी राहत असेल तर. चेहरा पुसलेला, पण अंगावरची साडी आणि शेजारी उभी स्टिकरवाली ॲक्टिव्हा बघून सगळ्या मोहल्ल्याला ओळखू येईल असा माणूस. तो दवाखान्याच्या किंवा व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात उभा असेल तर चेहरा पुसण्याला काही अर्थ राहत नाही.

समोरून बघून थांबू नका. कोपऱ्यावरचं घर असेल तर आडव्या रस्त्यावरून, आणि मागे सर्व्हिस गल्ली असेल तर तिथूनही बघा. आत्याची भिंत चार वेगवेगळ्या जागांवरून वाचता येत होती, कारण गाडी दर काही मीटरवर एक फोटो घेत पुढे सरकते.

३. किती झाकायचं ते ठरवा

आता माझी चूक सांगते.

आमच्या घराच्या फोटोत कूलरचा स्टँड, बंद खिडक्या आणि फाटकाला कुलूप असं दिसत होतं. उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो होतो तेव्हाचा फोटो. मी तो बघितला आणि पोटात गोळाच आला: ही तर चोराला चिठ्ठी! पाच मिनिटांत 'माय होम' निवडून अख्खं घर ब्लर करायला दिलं. काही दिवसांनी आमच्या घराच्या जागी दुधाळ चौकोन दिसू लागला. मी खूश.

पुढच्या वर्षी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. नागपुरात राहता म्हणजे पुढचं तुम्हाला माहीत आहे. जुना रस्ता न खोदता वर थर चढला, आणि ज्या फाटकाला तीन पायऱ्या चढून जायचो ते रस्त्याच्या पातळीला आलं. पहिल्याच मोठ्या पावसात अंगणात टोंगळ्याएवढं पाणी. गल्लीने मिळून तक्रार द्यायची ठरवली. तिथे पहिला प्रश्न आला: आधी पातळी काय होती, पुरावा काय? घरात फोटो शेकडो, पण सगळे माणसांचे. फाटकाच्या पायऱ्यांचा फोटो कोण काढतं? गुगलच्या गाडीने काढला होता. मी तो पुसायला लावला होता.

अर्ज मागे घेता येतो का, शोधलं. येत नाही. एकदा ब्लर केलेलं पुन्हा उघडत नाही, हे गुगलच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. मीच वाचलं नव्हतं. शेवटी समोरच्या काकांचं घर कामी आलं. त्यांना इंटरनेटचं वावडं, त्यामुळे त्यांचं फाटक तीन पायऱ्यांसकट नकाशात शाबूत होतं. तक्रारीला तोच फोटो जोडला. काका म्हणाले, "पाहा बेटा, आपण काही केलं नाही म्हणून वाचलं."

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याचा त्रास आहे तेवढाच तुकडा झाका. नंबर त्रास देत असेल तर नंबर. अंगणात बसलेली आजी दिसत असेल तर आजी. अख्खं घर शेवटी.

ठरवताना हे डोळ्यांसमोर ठेवा.

घर दिसण्याचे फायदे आपल्याकडे खरेच आहेत. हुडकेश्वर-बेसाकडे किंवा वाठोड्याच्या पलीकडच्या नव्या ले-आउटमध्ये पत्ता सांगणं म्हणजे अर्ध्या तासाचं फोनवरचं संभाषण. 'निळं फाटक, समोर कडुनिंब' हा फोटो पाठवला की पार्सलवाला येतो, रात्री ॲम्ब्युलन्सही येते. गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला नव्या दवाखान्यात न्यायचं तर आधी घरूनच बघता येतं की रॅम्प आहे की नुसत्या पायऱ्या, गाडी दाराशी लागते की पलीकडच्या रस्त्याला. आणि जुन्या तारखेचा फोटो म्हणजे फुकटातला पंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, कित्येकांच्या भिंती पडल्या. भिंत आधी कशी होती हे दाखवायला अशा वेळी फोटो लागतोच. पायऱ्यांचं तर सांगितलंच.

अख्खं घर झाकल्याचा उलटा परिणामही होतो. जर्मनीत २०१० साली स्ट्रीट व्ह्यू सुरू होण्याआधीच २,४४,००० हून अधिक घरांनी आम्हाला झाका म्हणून अर्ज केले. नंतर एसेन शहरात नकाशात झाकलेली घरं हुडकून काही टवाळांनी त्यांच्यावर अंडी फेकली आणि दारात 'गुगल मस्त आहे' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या लावल्या. रांगेतल्या तीस घरांत एकच धुरकट असेल तर नजर तिथेच जाते. तो फोटो बघून मला आलेल्या चोराच्या भीतीबद्दल आज विचाराल तर सांगेन की नकाशातलं कुलूप जुनं असतं. खरा चोर दुपारी दुचाकीवरून चक्कर मारून ताजं कुलूप बघतो.

तरीही काहींनी अख्खं घर झाकावं. कोणी पाठलाग करतं आहे, जुन्या नात्यातून धमक्या येतात, महिलांचं वसतिगृह किंवा आश्रयगृह आहे, किंवा भिंत इतकी बुटकी आहे की घराचा आतला भागच दिसतो, तर दुसरा विचार करू नका. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि झाका.

४. फॉर्म भरा

ज्या जागेवरून त्रासाची गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते तिथे उभे राहा. संगणकावर उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' असतं. मोबाइलवर वरच्या तीन ठिपक्यांत. तुमच्या नकाशाची भाषा मराठी असेल तर शब्द वेगळे दिसतील, जागा तीच.

नवीन पान उघडतं. त्यात तोच फोटो आणि मध्यभागी एक लाल चौकट. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. चौकट हलत नाही, चौकटीखालचा फोटो हलतो. फोटो ओढून आणि मोठा करून नेमकी तीच गोष्ट चौकटीत आणायची. कडेला शेजाऱ्याचं फाटक येत असेल तर आणखी मोठं करा. शेजाऱ्याचं घर कायमचं पुसून टाकलंत तर नकाशात नाही, दारात भांडण होईल.

खाली विचारतात, काय झाकायचं: चेहरा, माझं घर, माझी गाडी किंवा नंबर प्लेट, की दुसरं काही? आत्यासाठी मी 'दुसरं काही' निवडलं. मग तपशील लिहायला जागा येते. तिथे कहाणी लिहू नका. मी साध्या इंग्रजीत एकच ओळ लिहिली, जिचा अर्थ: कंपाउंडच्या भिंतीवर रंगवलेला मोबाइल नंबर, काळ्या फाटकाच्या डावीकडे. घर झाकायला सांगत असाल तर रंग आणि मजले लिहा ('पिवळं, दुमजली, डावीकडून दुसरं'), कारण तपासणाऱ्याला तुमचं आडनाव माहीत नसतं. नंबर स्वतः टाइप करू नका. तो काढायलाच तर आलो आहोत.

ईमेल टाका, 'मी यंत्रमानव नाही'ची खूण करा, पाठवा.

मग पिवळ्या माणसाला दोन पावलं पुढे न्या आणि पुन्हा तेच. कंटाळवाणं आहे. आत्याच्या भिंतीसाठी चार जागांवरून चार वेळा भरला. एकाच जागेवरून भरून निर्धास्त राहिलात तर शेजारच्या फोटोत नंबर तसाच राहू शकतो. जुन्या तारखांचे फोटो असतील तर त्यांतही जाऊन बघा.

५. उत्तर आलं की पुन्हा फेरी

ईमेलवर पोच येते, नंतर निर्णय. स्पॅमचा फोल्डर बघत चला. झालं असं कळलं तरी स्वतः जाऊन सगळ्या जागांवरून बघा. ब्राउझर जुनंच चित्र दाखवत असेल तर खासगी विंडोत उघडा. एखाद्या जागेवरून राहिलं असेल तर तेवढाच फॉर्म पुन्हा भरा.

गाडी पुन्हा फिरून नवी तारीख चढली की हीच फेरी परत. मी दिवाळीच्या साफसफाईला हे काम जोडून टाकलं आहे.

मॅपल्सचा रिअलव्ह्यूही याच वेळी बघून घ्या. तिथला तक्रारीचा रस्ता त्यांच्याच ॲपमधून आहे.

६. गाडीपेक्षा आपलीच माणसं

नंबर झाकला गेला, आत्याचे फोन कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत. पुन्हा शोधाशोध केली तेव्हा कळलं की भाच्याने हौसेने तिच्या घरावर नकाशात टाचणी लावली होती. घराचं नाव, आत्याचं नाव, फोन नंबर आणि ओसरीचे तीन फोटो, एकात आत्या स्वतः, वाळवणाच्या कुरडया उलटताना. गाडीच्या कॅमेऱ्याने चेहरा पुसला असता. भाच्याने पुसला नव्हता.

माझ्या मते आपल्याकडचा मोठा धोका हाच आहे. तो काढण्याचे मार्ग असे:

टाचणीवर दाबा, 'सजेस्ट अॅन एडिट', मग 'क्लोज ऑर रिमूव्ह', आणि कारणांत 'लोकांसाठी खुलं नाही' अशा अर्थाचा पर्याय. खासगी घराला तो चपखल बसतो. टाचणी लावणारा घरचाच असेल तर त्याच्याकडूनच काढून घ्या, सगळ्यात लवकर होतं.

कोणी टाकलेला सुटा फोटो किंवा निळ्या ठिपक्याचा गोल फोटो असेल तर त्या फोटोवरच्या तीन ठिपक्यांतून किंवा झेंड्याच्या खुणेवरून तक्रार करा आणि कारण खासगीपणाचं द्या. अशा फोटोंतले चेहरे झाकण्याची जबाबदारी टाकणाऱ्याची असते.

एखाद्याने मुद्दाम स्त्रीचे खासगी क्षणांतले फोटो काढले किंवा पसरवले असतील, तर हा नकाशाचा विषयच उरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो गुन्हा आहे. फॉर्म भरत बसू नका, स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाणं गाठा.

कायद्याचं थोडक्यात: सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण भिंतीवरच्या एका नंबरासाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा दोन मिनिटांचा फॉर्म स्वस्त.

जाता जाता वायफायचं. २०१० मध्ये गुगलने कबूल केलं होतं की त्यांच्या गाड्यांनी रस्त्याने जाताना उघड्या वायफायवरून लोकांची माहितीही गोळा केली. वेगवेगळ्या देशांत चौकश्या झाल्या, फ्रान्समध्ये २०११ साली १ लाख युरोंचा दंड झाला. तेव्हा राउटरला पासवर्ड ठेवा. आपलं वायफाय गुगलच्या ठिकाण शोधण्याच्या यादीत नको असेल तर त्याच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि त्याला लागून 'नोमॅप' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत जोडा.

७. पैसे मागणारा भेटला तर

ब्लर करणं पूर्ण मोफत आहे. 'गुगल कस्टमर केअर' म्हणून शोधून सापडलेल्या मोबाइल नंबरवर फोन करू नका. पलीकडचा गोड आवाजात स्क्रीन शेअर करायला सांगतो आणि खातं रिकामं होतं. दारात 'नकाशाच्या सर्व्हेसाठी आलो' म्हणत कोणी आधार किंवा ओटीपी मागत असेल तर फाटक उघडू नका. फोटोची गाडी कोणाला काही विचारायला थांबत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

गाडी सार्वजनिक रस्त्यावरून जात असेल तर तिला अडवू नका. इंग्लंडमधल्या ब्रॉटन गावाच्या लोकांनी २००९ साली रस्त्यात उभं राहून गाडी परतवली होती, तेव्हा जगभर बातमी झाली आणि आजवर कोणी ज्या गावाकडे बघितलं नव्हतं ते सगळ्यांनी नकाशात शोधलं. बंद फाटकाची सोसायटी असेल तर गोष्ट वेगळी. आतले रस्ते खासगी असतात. चौकीदाराला सांगून ठेवा की ओळखपत्र बघितल्याशिवाय आणि सचिवांना विचारल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही.

८. तुम्हीच फोटो टाकणार असाल तर

यात रस वाटायला लागला असेल (मला लागला), तर मॅपिलरीसारख्या ठिकाणी दुचाकीला मोबाइल लावून स्वतः गल्ल्यांचे फोटो टाकता येतात. ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाच्या स्वयंसेवकांना रस्त्यांची नावं आणि दुकानं नोंदवायला उपयोगी पडतात. मॅपिलरी २०२० पासून फेसबुकच्या (आताच्या मेटाच्या) मालकीचं आहे, हे माहीत असू द्या. चेहरे आणि नंबर प्लेट तिथेही आपोआप पुसले जातात.

नागपुरात फिरताना काही ठिकाणी मोबाइल खिशात घाला: सीताबर्डीचा किल्ला, वायुसेनानगर, अंबाझरीची आयुध निर्माणी, कामठीची छावणी, वर्धा रोडवरचं मध्यवर्ती कारागृह. महालात संघ मुख्यालयाच्या परिसरात फोटो, व्हिडिओ आणि ड्रोनवर पोलिसांनी २०२४ मध्ये बंदीचा आदेश काढला होता, तेव्हा तिकडे जाण्याआधी सध्याचा आदेश बघा. शाळा सुटण्याच्या वेळी शाळेसमोरून जाऊ नका. इतवारी, गांधीबागेत सकाळी सातच्या आत जा. शटर बंद असल्याने पाट्या नीट वाचता येतात आणि गर्दी नसल्याने माणसं फारशी येत नाहीत.

आणि कोणी दारातून "काय करून राहिली हो?" असं विचारलं तर गाडी थांबवून मोबाइलवर फोटो दाखवा. मला आजवर तिघांनी विचारलं. एकाने त्याच्या घराचा फोटो काढून टाकायला लावला, मी तिथेच डिलीट केला. दुसरी बाई म्हणाली, ठीक आहे, राहू द्या. तिसऱ्याने भिंतीवरच्या 'ट्युशन क्लासेस'च्या पाटीसमोर स्वतः उभं राहून विचारलं, "नंबर नीट आला का पण?"